लहान जखम, आधी पाणी

आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो. कोकणात हेच दिवस भातलावणीचे. दिवसभर चिखलात राबलेली माणसे संध्याकाळी हातपाय धुऊन विहारात ग्रंथवाचनाला येऊन बसतात. अशा वेळी आमचे लक्ष पुष्कळदा ग्रंथावरून पायांकडे जाते. कुणाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असते, कुणाच्या टाचेत काटा मोडलेला असतो, तर कुणाची पोटरी चिऱ्याने सोललेली असते. विचारावे तर उत्तर ठरलेले, "कायेक होवचा नाय."

बहुतेक वेळा खरोखरच काही होत नाही. पण एखाद्या वेळी होते, आणि तेव्हा घरचा कर्ता माणूस जातो. अशीच एक गोष्ट आम्हाला येथे सांगायची आहे. तीत दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच आहे. म्हणून ती सांगणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

कष्टकऱ्याचे हातपाय

आरोंदा हे सावंतवाडी तालुक्यातले तेरेखोल नदीच्या काठचे गाव. नदीच्या पलीकडे गोवा. माड, काजू, भातशेती आणि खाडीची मासळी यांवर हा सारा पट्टा जगतो. शेजारी शिरोड्याला मिठागरे आहेत. पोटापाण्यासाठी कुणी चिरेखाणीवर जातो, कुणी गोव्यात बांधकामावर, कुणी मुंबईच्या कारखान्यात. या सगळ्या कामांत पहिली इजा होते ती हातापायांना. सोलताना नारळ निसटतो आणि तळहात फाटतो. कोयता बोटावर बसतो. कालवे काढताना शिंपल्याची धार पायाला लागते. घरात आडाळ्यावर मासे कापताना बाईचे बोट कापते, आणि खेळताना पोरांचे गुडघे चिऱ्यावर सोलवटतात.

एका दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून ही माणसे दवाखान्याची वाट धरत नाहीत. चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचे. कुणी हळद भरतो, कुणी चुना-तंबाखू, कुणी राख, कुणी कॉफीची पूड. त्यातच अलीकडच्या दोन-तीन पिढ्यांत एका गोष्टीची भर पडली, ती म्हणजे होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोड गोळ्या.

आमच्या हातची पुडी

साधारण २० वर्षांपूर्वी आम्ही नुकतेच नोकरीला लागलो होतो. समाजासाठी काहीतरी करावे ही तळमळ होती. कुणीतरी होमिओपॅथीचे जुने पुस्तक दिले, आम्ही बाटल्यांची एक पेटी घेतली आणि दर रविवारी गोळ्यांच्या पुड्या वाटू लागलो. शिक्षण बी.कॉम.चे, वैद्यकाचे ज्ञान शून्य. पण पैसे घेत नव्हतो, लोक दुवा देत होते, आणि खरचटलेले गुडघे आठवड्याभरात बरेही होत होते. आम्हाला वाटे, गोळीचा गुण आला.

आमचे मामा बांधकामावर जात. एके दिवशी सेंट्रिंगच्या फळीचा खिळा चपलेतून आरपार त्यांच्या टाचेत घुसला. त्यांनी तो उपसला, वर चुना-तंबाखू दाबली आणि संध्याकाळपर्यंत काम केले. रक्त फारसे आलेच नव्हते. रात्री आम्ही पुस्तक उघडले. टोचलेल्या जखमेला 'लेडम' असे त्यात लिहिले होते. आम्ही लेडम ३० ची पुडी दिली. मामींनी विचारले, "सावंतवाडीक जावन इंजेक्शन घेवचा काय?" आम्ही म्हणालो, गरज नाही.

चौथ्या दिवशी जखमेचे तोंड मिटले. मामा हसून म्हणाले, भाच्याच्या हाताला यश आहे. नवव्या दिवशी सकाळी त्यांना भाकरी चावता येईना. दुपारपर्यंत जबडा आवळला, मान ताठ झाली. इस्पितळात नेईपर्यंत पाठ धनुष्यासारखी वाकली होती. डॉक्टरांनी शर्थ केली. पण पाचव्या दिवशी मामा गेले. शेवटपर्यंत ते शुद्धीवर होते, ही गोष्ट आम्ही आजही विसरू शकत नाही.

मामींनी आम्हाला कधी बोल लावला नाही. पेटी आम्ही त्याच आठवड्यात बंद केली आणि शिकायला बसलो. त्यानंतर जे समजले, ते पुढे देत आहोत.

धनुर्वात म्हणजे काय?

शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून आपल्याकडे या रोगाला धनुर्वात म्हणतात. तो भूतबाधेने होत नाही, वाऱ्यानेही नाही आणि नुसत्या गंजानेही नाही. माती, धूळ आणि जनावरांचे शेण यांत एका जंतूची बीजे वर्षानुवर्षे जिवंत राहतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोहोचत नाही. तेथे ही बीजे रुजतात आणि विष तयार करतात. ते विष मज्जातंतूंतून चढते व स्नायू आवळून धरते. लागल्यापासून साधारण ३ ते २१ दिवसांत रोग दिसतो. तोवर वरची कातडी मिटलेलीही असते, म्हणून माणूस फसतो. आम्ही असेच फसलो.

जपानचे शास्त्रज्ञ कितासातो यांनी १८८९ साली हा जंतू प्रयोगशाळेत शुद्ध रूपात वाढवला. दुसऱ्याच वर्षी त्यांनी बेरिंग यांच्यासह दाखवून दिले की या विषाला उतारा शरीरातच तयार होऊ शकतो. पुढे १९२० च्या दशकात लस तयार झाली. तीच आपली टीटीची सुई. आता सरकारी लसीकरणात टीटीच्या जागी टीडी देतात. तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पापासूनही संरक्षण मिळते.

या सुईची ताकद आपल्या देशानेच पाहिली आहे. पूर्वी नाळेच्या जखमेतून कितीतरी तान्ही बाळे धनुर्वाताने जात. गरोदर बायांना सुया मिळू लागल्या, बाळंतपणे स्वच्छ हातांनी होऊ लागली. त्यानंतर २०१५ साली, भारतात बाळंतिणी व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी बालकांना तो होतो, इतका तो आटोक्यात आला.

येथे एक गोष्ट घराघरांत ध्यानात घ्यावी. बाईला गरोदरपणात सुई मिळते. मुलांना ६, १० व १४ आठवड्यांना, मग दीड वर्षाच्या सुमारास, ५-६ वर्षांना आणि पुढे १० व १६ व्या वर्षी मिळते. राहतो तो बाप! देशात बालकांचा लसीकरण कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला आणि तो खेड्यापाड्यांत पोहोचायला आणखी वर्षे लागली. त्यामुळे आज पन्नाशीच्या पुढे असलेल्या कित्येक कष्टकरी पुरुषांनी, आणि आजीच्या वयाच्या बायांनीही, आयुष्यात एकही पूर्ण मात्रा घेतलेली नसते. आमच्या मामांनीही घेतली नव्हती.

गोळीत असते काय?

होमिओपॅथीची मांडणी जर्मनीच्या सॅम्युअल हानेमान यांनी १७९६ पासून केली. तो काळ रोग्याची नस कापून रक्त काढण्याचा आणि पारा पाजण्याचा होता. त्या मानाने त्यांची सौम्य गोळी बरी वाटली यात नवल नाही. पण गोळी बनते कशी ते पाहू. वनस्पतीचा मूळ अर्क, म्हणजे मदर टिंक्चर, घेतात. त्याच्या १ भागात ९९ भाग अल्कोहोल मिसळतात. त्यातला १ भाग घेऊन पुन्हा ९९ भागांत मिसळतात. '३०' लिहिलेल्या बाटलीसाठी हे ३० वेळा करतात. साधारण १२ व्या वेळेनंतर मूळ द्रव्याचा एक कणही उरण्याची शक्यता राहत नाही. ३० व्या पायरीचा हिशेब करायचा तर अर्काच्या एका थेंबासाठी पृथ्वीवरचे सगळे समुद्रही पुरणार नाहीत. आम्ही हिशेबाचे विद्यार्थी; पण हा हिशेब पुडी देण्याआधी मांडला नाही.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने १७६ अभ्यास तपासून २०१५ साली निष्कर्ष काढला की, एकाही आजारावर होमिओपॅथी गुणकारी असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. ब्रिटिश संसदेच्या समितीनेही २०१० साली असेच मत दिले होते.

मग गुडघे बरे कसे होत होते? शरीरच बरे करत होते. कापले की काही मिनिटांत रक्त गोठते. पांढऱ्या पेशी जंतूंशी झुंजतात, कडेकडून नवी कातडी सरकत येते, आणि साधे खरचटणे आठवडा-दहा दिवसांत भरून येते. श्रेय मात्र गोळी घेऊन जाते.

घरात या बाटल्या असतीलच तर एवढे जाणून असावे. कॅलेंडुलाचे मदर टिंक्चर हा मात्र खरा अर्क असतो. ते फूल आपला झेंडू नव्हे, हेही लक्षात ठेवावे. उकळून गार केलेल्या १० भाग पाण्यात १ भाग टिंक्चर घालून ते लावण्याची रीत आहे. उथळ खरचटण्यावर कुणी लावले तर सहसा अपाय होत नाही, पण आधी जखम पाण्याने धुतलेली हवी. खोल जखमेवर ते भरवशाचे नाही. अर्निका मुक्या मारासाठी म्हणून लावतात. फुटलेल्या कातडीवर ती लावू नये, असे होमिओपॅथीची पुस्तकेही सांगतात. आणि लेडम किंवा हायपेरिकम धनुर्वात टाळते असे कुणी म्हणाले, तर त्याला आमच्या मामांची गोष्ट सांगा.

जखम झाली तर काय करावे?

१. आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. तेच हात जखमेला लागणार असतात.

२. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून १० मिनिटे सलग दाबा. थांबले का म्हणून मध्येच उचलून पाहू नका. हात किंवा पाय उंच धरा. दोरीने आवळून बांधू नका.

३. रक्त थांबले की जखमेवर पिण्याजोग्या स्वच्छ पाण्याची धार ५ ते १० मिनिटे धरा. नळ नसेल तर तांब्याने ओता. भोवतालची कातडी साबणाने धुवा. पाणी तेच न वापरता वाहते असावे. माती आणि जंतू त्याच्याबरोबर वाहून जातात. हाच सगळ्यांत मोठा उपाय.

४. चिऱ्याचा कण किंवा काटा वरच असेल तर पाण्यात १०-१५ मिनिटे उकळलेल्या चिमट्याने काढा. खोल रुतला असेल तर उकरू नका, दवाखान्यात जा.

५. पोव्हिडोन आयोडीनचे मलम पातळ लावले तरी चालते, नुसते व्हॅसलिन लावले तरी चालते. वर स्वच्छ जाळीची पट्टी बांधा. जखम उघडी ठेवली की लवकर सुकते हा समज बरोबर नाही. झाकलेली, किंचित ओलसर जखम लवकर भरते, हे १९६२ साली डॉ. जॉर्ज विंटर यांनी प्रयोगाने दाखवले.

६. पट्टी रोज बदला. चिखलाने भिजली तर लगेच बदला. लावणीच्या दिवसांत पायाला जखम असेल तर दोन दिवस चिखलात उतरू नये. उतरणे भागच असेल तर गमबूट घालावेत.

७. हळद, चुना, तंबाखू, राख, शेण, कॉफी, टूथपेस्ट यांतले काहीही जखमेत भरू नका. डब्यातल्या हळदीत सगळ्यांचे हात पडलेले असतात. डेटॉल पाणी न घालता ओतू नका, त्याने नवी कातडी भाजते.

पट्टी रोज बदलण्यावरून एक जुनी गोष्ट आठवते. देवदत्ताने लोटलेल्या शिळेची कपची तथागतांच्या पायाला लागली, तेव्हा वैद्य जीवकाने औषध लावून पट्टी बांधली. नंतर तो नगरात दुसऱ्या रोग्याकडे गेला आणि वेशीचे दरवाजे बंद झाले. पट्टी वेळेवर सोडली गेली नाही तर काय, या काळजीने त्याने रात्र काढली. अट्ठकथेत ही कथा आहे. पट्टी बांधली म्हणजे काम संपले असे एवढ्या मोठ्या वैद्यालाही वाटले नाही.

खाडीच्या जखमा

खाडीचे कोमट, मचूळ पाणी जखमेला चांगले, मीठ असल्याने जंतू मरतात, असे आपल्याकडे म्हणतात. ते खरे नाही. अशाच पाण्यात काही जंतू वाढतात आणि शिंपल्याच्या कापातून शिरून एक-दोन दिवसांत पाय सुजवतात. मधुमेह किंवा यकृताचा आजार असलेल्याच्या जिवावरही बेतते. म्हणून खाडीत कापले की घरच्या गोड्या पाण्याने पुन्हा धुवा. गळ आत रुतला असेल तर ओढू नका.

पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर असह्य कळ येते. अशा वेळी तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. पाण्याचा अंदाज दुसऱ्या, चांगल्या हाताने घ्यावा, नाहीतर दुखण्याच्या भरात कातडी भाजते. कळ कमी होते, पण नंतर दवाखान्यात दाखवावेच.

दवाखाना केव्हा?

दहा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल. जखमेचे ओठ फाकले असतील. बोट हलत नसेल किंवा बधिर असेल. जखम चेहऱ्यावर, सांध्यावर किंवा खोल टोचलेली असेल. रोग्याला मधुमेह असेल, तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पू, वाढती लाली, वर चढणारी तांबडी रेघ, ताप किंवा जांघेत अवधाण आले तरी थांबू नये. जबडा आवळू लागला तर तासाचाही वेळ घालवू नये.

जखम मळकट असेल आणि शेवटच्या सुईला ५ वर्षांहून अधिक झाली असतील तर सुई घ्यावी. जखम स्वच्छ व किरकोळ असेल तर १० वर्षांचा हिशेब धरावा. पूर्वी कधीच घेतली नसेल किंवा आठवत नसेल तर तसे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा माणसाला पुढच्या मात्राही घ्याव्या लागतात, आणि जखम वाईट असेल तर वेगळे तयार प्रतिद्रव्यही लागते. शक्यतो त्याच दिवशी जावे. उशीर झाला म्हणून टाळू मात्र नये.

कुत्रा चावला, ओरबाडले किंवा उघडी जखम चाटली तर साबण-पाण्याने १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजच्या लसीसाठी जावे. तेथे पुडी, अंगारा, मिरची काही चालत नाही.

हे पाणी आणि हा दवाखाना

कुणी म्हणेल, आपले वाडवडील कुठे दवाखान्यात जात होते? प्रश्न बरोबर आहे, उत्तर मात्र कडू आहे. त्यांना कुणी येऊ देत नव्हते. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या लेखनात काठियावाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाची हकीगत दिली आहे. ती १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आली होती. शिक्षकाची बाळंतीण पत्नी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत येईना. शेवटी आला तो अंतर राखूनच. थर्मामीटर त्याने एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने शिक्षकाच्या हाती, शिक्षकाने पत्नीला लावला. डॉक्टरने तिला हात लावला नाही. ती बाई दगावली.

डॉक्टर हात लावत नव्हता म्हणून आपली माणसे चुना आणि राखेवर भागवत होती. तो त्यांचा नाइलाज होता. नाइलाजाला परंपरा म्हणून आपण मिरवू नये. आणि जखमेवर ओतायचे ते पाणी? त्याच पाण्याचा हक्क सांगण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले. आज घरात नळ आहे, साबण आहे. जनतेचे आरोग्य सुधारणे हे शासनाचे कर्तव्य असल्याचे संविधानाच्या ४७ व्या कलमात लिहिले आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र हे आपले हक्काचे ठिकाण आहे. इतक्या कष्टाने मिळालेले पाणी आणि दवाखाना सोडून आपण पुडीच्या मागे का जावे?

तथागतांनी कालामांना सांगितले ते हेच की, कुणी सांगितले, ग्रंथात लिहिले किंवा सांगणारा माणूस चांगला आहे, एवढ्यावरून काही मानू नये, तपासून पाहावे. मामांनी पुडी घेतली ती भाचा चांगला होता म्हणून. चांगुलपणाने धनुर्वात टळत नाही, हे आम्ही फार महागात शिकलो.

प्रत्येक विहारात एक पेटी ठेवावी, अशी आमची महिला मंडळांना व तरुण मंडळांना विनंती आहे. तीत साबणाची वडी, जाळीच्या पट्ट्या, चिकटपट्टी, पोव्हिडोन आयोडीन, कात्री, चिमटा आणि हातमोजे असावेत. सोबत एक वहीही असावी. वहीत वस्तीतल्या प्रत्येक प्रौढ माणसाचे नाव आणि त्याने शेवटची सुई घेतल्याची तारीख लिहावी. ज्याच्या नावापुढची जागा कोरी राहील, त्याला आशाताईंच्या मदतीने आरोग्य केंद्रात घेऊन जावे. या वर्षावासात एक संध्याकाळ एवढ्यासाठी दिली तरी पुष्कळ होईल.

आमच्याकडच्या वहीत पहिले नाव आम्ही मामींचे लिहिले. सुईला त्यांच्याबरोबर आम्हीच गेलो होतो.

जयभीम!